बांधावरचा साग आणि खसऱ्याचा रकाना

"बहनजी, झाड़ खसरे में चढ़े हैं क्या?"

२०२५ च्या जानेवारीत तहसिलीच्या खिडकीवर मला हा प्रश्न विचारला गेला आणि पुढचे अकरा महिने मी त्या एकाच प्रश्नाचं उत्तर घेऊन फिरत राहिले. आमच्या नानांनी १९९६ च्या पावसाळ्यात शेताच्या बांधावर सागाची साठ रोपं लावली होती. त्यातली एकेचाळीस जगली. लावली त्या दिवशी मी तिथे होते, खड्डे मोजायला. पण खसऱ्यात, म्हणजे शेताच्या सरकारी नोंदवहीत, कैफियतीचा म्हणजे शेऱ्याचा जो रकाना असतो, तो आमच्या सर्व्हे नंबरापुढे कोरा होता. सरकारी कागदावर आमच्या बांधावर एकही झाड नव्हतं, आणि जे झाड कागदावर नाही ते तोडायची परवानगी कोण देणार?

आमचं घर इंदुरात, तीन पिढ्यांपासून. शेत शहरापासून तासाभरावर, विंध्याच्या कडेला, पाठीमागे सरकारी जंगल. गिरणी बंद पडल्यावर नाना या तुकड्याकडे वळले. जमीन उथळ, मुरमाड, सोयाबीन जेमतेम. तेव्हा वन विभागाच्या रोपवाटिकेतून त्यांनी सागाचे रूट-शूट आणले. हे रूट-शूट म्हणजे बोटभर जाडीचं मूळ आणि वर इंचभर खोड, पान एकही नाही. वाळलेल्या गाजरासारखं दिसतं. मला खरंच वाटलं नव्हतं की त्यातून झाड होईल. ऑगस्टात पानं फुटली तेव्हा नानांनी एक कोवळं पान माझ्या तळहातावर चुरडलं आणि तळवा कुंकवासारखा लाल झाला. "सागाची सही," म्हणाले.

ही झाडं नातीच्या शिक्षणासाठी, हे ते उघड सांगत. २०१३ साली नाना गेले. नात, म्हणजे दादाची मुलगी, २०२४ मध्ये कॉलेजात गेली. दादाची तब्येत बरी नसते, त्यामुळे वहिनीने मला सांगितलं, "वन्सं, कागदपत्रांचं तुम्हीच बघा." मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे, कागदाची मला भीती नाही. एकेचाळीसपैकी अठरा झाडं काढायची, बाकीची ठेवायची, असं आम्ही ठरवलं.

आपलंच शेत, आपणच लावलेलं झाड, मग परवानगी कशाला? हा प्रश्न मला नातेवाइकांनी इतक्या वेळा विचारला की शेवटी मी कायदे वाचायला बसले. मध्य प्रदेशच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेचं १७९ वं कलम सांगतं की खात्यातल्या जमिनीवरची झाडं भूमिस्वामीची, म्हणजे जमीनमालकाची. इथवर छान. पण त्याच संहितेचं २४१ वं कलम जंगलाला लागून असलेल्या गावांसाठी आहे. अशी गावं अधिसूचित झाली की तिथे खासगी जमिनीवरचं इमारती लाकूडसुद्धा परवानगीवाचून तोडता येत नाही आणि हलवताही येत नाही. आमचं गाव त्यात येतं. त्याच्यावर १९२७ चा भारतीय वन कायदा. त्यात वनोपजाची व्याख्या आहे, आणि इमारती लाकूड हे जंगलातून आलेलं असो वा नसो, वनोपजच. नानांनी पाणी घालून वाढवलेला साग कायद्याच्या भाषेत वनोपज आहे, हे वाचून मी चष्मा काढून ठेवला होता. आणखी पुढे ६९ वं कलम: वनोपज सरकारचं की दुसऱ्या कुणाचं असा वाद निघाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारचंच मानायचं. म्हणजे सिद्ध आपण करायचं.

आणि १९६९ चा वनोपज व्यापार विनियमन कायदा, जो 'विनिर्दिष्ट' वनोपजाचा व्यापार सरकारच्या हाती देतो. साग त्यात आहे. खासगी जमिनीवरच्या अशा लाकडाला आमच्याकडे अजून 'मालिक मकबूजा' म्हणतात. पटवारी (म्हणजे तलाठी) म्हणतो, नाकेदार म्हणतो, लाकूड चिरणारा आरा मशीनवाला म्हणतो. शब्द जुना आहे आणि त्याला एक डाग आहे, त्याबद्दल पुढे सांगते.

पहिला अर्ज परत आला. शेरा एका ओळीचा: अभिलेखात वृक्ष दर्ज नाहीत. मग आधी झाडं खसऱ्यात चढवायची. त्यासाठी पटवारी मोक्यावर, म्हणजे जागेवर, यावा लागतो, पंचनामा व्हावा लागतो, शेजारच्या शेतकऱ्यांचे जबाब लागतात. तीन वेळा तारीख ठरली, तीन वेळा मी सकाळी सहाला इंदुराहून निघाले, तीन वेळा कोणी आलं नाही. एकदा तर फोनही उचलला नाही. मला राग आला तो माझ्या फेऱ्यांचा नव्हे. आमचे बटाईदार भाऊ, जे आमची जमीन कसतात, ते तिन्ही दिवस मजुरी सोडून थांबले होते, त्यांचा हिशेब कोणी ठेवला नाही.

एप्रिलमध्ये पंचनामा झाला. पटवारी तरुण होता, काम मन लावून केलं त्याने, हे मला नोंदवलं पाहिजे. त्याने विचारलं, झाडं लावल्याचा काही पुरावा? मी नानांची वही काढली. त्यात रोपवाटिकेची पावती डकवलेली होती, शाई फिकट तपकिरी झालेली, पण तारीख वाचता येत होती. खाली नानांच्या मोडी वळणाच्या अक्षरात: "सागवान ६०. उत्तर बांध ३८, पश्चिम २२." बटाईदार भाऊंच्या वडिलांनी जबाब दिला, "ई झाड़ तो म्हारा सामने लग्या." त्यांचा अंगठा त्या पंचनाम्यावर आहे. मे महिन्यात झाडं खसऱ्यात चढली. एकोणतीस वर्षांनी.

या सगळ्यात मार्चमध्ये एक गोष्ट घडली आणि तिने आमच्या भागात खळबळ उडवली.

२४ सप्टेंबर २०१५ च्या अधिसूचनेने राज्य सरकारने ५३ जातींच्या झाडांना वाहतूक परवान्यातून, म्हणजे टीपीतून, सूट दिली होती. शेतकऱ्याने निलगिरी किंवा सुबाभूळ तोडून ट्रकमध्ये घातली तर रस्त्यात कोणी पास मागायचा नाही. २०१७ मध्ये यादी आणखी वाढवली. साग तिच्यात कधीच नव्हता, त्यामुळे आमचा तिच्याशी संबंध नव्हता. पण २०२५ मध्ये जबलपूरच्या उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ती सूट रद्द केली. आमच्या शेजारच्या गावात एकाची निलगिरी तोडून पडलेली होती, ट्रक ठरलेला होता. ट्रकवाल्याने येण्यास नकार दिला. त्याचंही चूक नाही. विनापास वनोपज सापडलं तर गाडी राजसात, म्हणजे सरकारजमा, होते. आमच्या राज्याने १९८३ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती करून ही तरतूद कडक केली. लाकडापेक्षा गाडी दसपट महाग.

त्या आठवड्यात देवळाच्या ओट्यावर वीस-पंचवीस शेतकरी जमले. मला बोलावलं कारण "मास्तरीणबाई कायदा वाचतात". सगळे न्यायालयावर चिडलेले. मीही चिडूनच गेले होते. परतताना मात्र माझं मत बदललेलं होतं, आणि ते बदललं एका नाकेदारामुळे.

नाकेदार म्हणजे वनरक्षक. आमच्याकडे त्याला बीट गार्ड म्हणून कोणी ओळखत नाही. तो बैठकीला आला नव्हता, रस्त्यात भेटला. मी त्याच्याकडे तक्रारीच्या सुरात बोलले. तो काही न बोलता मला मोटारसायकलवर बसवून जंगलात घेऊन गेला, आमच्या शेताच्या मागे जेमतेम अर्धा किलोमीटर. तिथे एक खुंट होता. वरून चिखल फासलेला, त्याच्यावर पाचोळा. त्याने बुटाने पाचोळा सरकवला, बाटलीतलं पाणी ओतलं, चिखल वाहून गेला आणि खालून सोनेरी लाकूड दिसलं. ताजं. सागाचा तो तेलकट, चामड्यासारखा वास आला. मी वाकून लाकडातल्या वाढीच्या कड्या मोजायला लागले. सत्तरपर्यंत पोचले आणि पुढच्या इतक्या बारीक होत्या की मोजता येईनात. नानांच्या जन्माच्याही आसपासचं झाड असावं.

"ताई," तो म्हणाला, "हा ओंडका आणि तुमच्या बांधावरचा ओंडका मी ट्रकमध्ये शेजारी शेजारी ठेवला, तर नाक्यावरचा माणूस कसा ओळखेल कोणता कुणाचा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. लाकडावर जात लिहिलेली असते, गाव लिहिलेलं नसतं. जातीवर सूट दिली की शेतातल्याबरोबर जंगलातलंही सुटतं. म्हणून मला आता वाटतं की ती सूट चुकीची होती, आणि हे मी त्या ओट्यावर पुढच्या बैठकीत उभं राहून सांगितलं. काही जणांना आवडलं नाही. पण मी पुढे हेही म्हटलं, आणि तेच माझं आजही मागणं आहे: सूट नको, नोंद हवी. झाड लावलं त्याच वर्षी ते खसऱ्यात चढवा. तीस वर्षांनी तोडताना मालकी सिद्ध करायला लावू नका, कारण तोवर लावणारा माणूस बहुधा हयात नसतो. आमच्याकडे नानांची वही होती. ज्यांच्याकडे वही नाही त्यांनी काय करायचं?

त्या बैठकीतून ज्ञापन, म्हणजे सरकारला द्यायचं निवेदन, निघालं. मी मराठीत विचार करून हिंदीत लिहिलं, दोघा-तिघांनी भाषा सरळ केली, बेचाळीस सह्या आणि अंगठे. आमदारांना एक प्रत, वन विभागाला एक, महसूल विभागाला एक. जूनमध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने शेतजमिनीवरच्या वृक्षतोडीसाठी आदर्श नियम राज्यांना पाठवले, तेव्हा ओट्यावर मी ते वाचून दाखवले. त्यात जवळजवळ आमचंच म्हणणं आहे: लागवड पोर्टलवर नोंदवायची, जमिनीची मालकी, झाडांची संख्या, जात, लावल्याचं वर्ष, जागेचा नकाशा. दहापर्यंत झाडं तोडायची असतील तर फोटो टाकून ना-हरकत घ्यायची, जास्त असतील तर पडताळणी. पण हे आदर्श नियम आहेत, राज्याने स्वीकारले तरच लागू. आम्ही ज्ञापनाला पुरवणी जोडली की आमच्या राज्याने ते स्वीकारावेत, आणि पोर्टलवरची नोंद आपोआप खसऱ्यातही यावी, नाही तर दोन खात्यांचे दोन कागद एकमेकांना खोटे पाडतात. हे मी स्वतः भोगलं आहे.

आता तो डाग. बटाईदार भाऊ भिलाला आदिवासी आहेत, त्यांच्या स्वतःच्या तुकड्यावर चार मोठे साग आहेत. ते मला म्हणाले, "ताई, तुमचे इतके महिने गेले, माझे किती जातील?" आदिवासी खातेदाराच्या झाडांसाठी वेगळा कायदा आहे, १९५६ चा होता, मग १९९९ चा आला, आणि त्यात जिल्हाधिकाऱ्यापर्यंत जावं लागतं. ऐकायला अन्याय वाटतो. पण १९९० च्या दशकात बस्तरमध्ये, तेव्हा बस्तर मध्य प्रदेशातच होतं, मालिक मकबूजाच्या नावाखाली आदिवासींचे साग कवडीमोलाने लाटले गेले. व्यापारी, दलाल आणि कारकून यांनी मिळून. ज्याचं झाड त्याच्या हातात काहीशे रुपये. १९९९ चा कायदा त्या जखमेवर आहे. मी भाऊंना हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "लुटला मी, आणि कागदही मीच आणू?" ते बरोबर बोलले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पेरणीच्या आधी, सीमांकन झालं. गावाच्या मागेच जंगल, तेव्हा झाडं आमच्याच हद्दीत आहेत हे ठरवायला साखळी पडली. उत्तरेच्या बांधाचं शेवटचं झाड हद्दीपासून चार हातांवर निघालं. माझा जीव भांड्यात पडला. मग पाऊस, मग अधिकाऱ्यांच्या बदल्या, फाईल एका कपाटातून दुसऱ्यात. तो काळ सांगण्यासारखा नाही.

सप्टेंबरात महसूल आणि वन अशी संयुक्त पाहणी झाली. तो दिवस मला फार आवडला. नाकेदाराने जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे छातीच्या उंचीला, प्रत्येक झाडाला टेप लावली. मी आकडे लिहीत होते. तो "अठ्ठ्याण्णव" म्हणे, मी "अठ्ठ्याण्णव" म्हणून वहीत टाके, आणि त्याचा जोडीदार साल थोडी तासून लाल रंगाने नंबर घाली. १ ते १८. कोणती अठरा हे आम्ही ठरवलं नव्हतं. जिथे दाटी होती तिथली एकाआड एक घेतली. सगळ्यात जाड झाड, बांधाच्या कोपऱ्यातलं, नंबरात येऊ लागलं तेव्हा बटाईदार भाऊंच्या वडिलांनी टेपसमोर हात धरला. ते राहिलं.

ऑक्टोबरात परवानगी आली. दिवाळी झाल्यावर तोड. तोडताना मी उभी राहिले नाही, दुपारी गेले. चौदा नंबरच्या बुंध्यावर कड्या मोजल्या. बाहेरून चोविसावी कडी अगदी बारीक, जवळजवळ शेजारणीला चिकटलेली. २०२५ पासून मागे मोजत गेले, तर ती २००२ ची. त्या वर्षी दुष्काळ होता, नाना दर रविवारी टँकरच्या पाण्याचे डबे घेऊन जात. झाडाने ते वर्ष लिहून ठेवलं होतं.

ओंडक्यांचं माप घेणं हा वेगळाच धडा. पद्धत अशी: ओंडक्याच्या मधोमध घेर मोजायचा, त्याचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, लांबीने गुणायचा. घेर ८४ सेंटिमीटर आणि लांबी ३ मीटर असेल तर ०.२१ गुणिले ०.२१ गुणिले ३, म्हणजे ०.१३२ घनमीटर. मी मनातल्या मनात वर्तुळाचं क्षेत्रफळ काढून पाहिलं, तर तेच ०.१६८ येतं. पाचवा हिस्सा आणि थोडं जास्तच कमी धरलं जातं. डिप्टी रेंजरना विचारलं, ते म्हणाले, गोल ओंडका चौकोनी करताना जे कडेचं फाळकं जातं, त्याची ही सूट. इंग्रजांच्या वेळेपासून चालत आलेली. समजलं, पण शेतकऱ्याला हे कोणी समजावून सांगत नाही, तो फक्त वन विभागाच्या डेपोतला आकडा बघतो आणि आपल्याला मापात मारलं असं समजून घरी जातो. मी ओट्यावर खडूने ओंडका काढून हे गणित सगळ्यांना करून दाखवलं. शाळा सुटल्यावर पहिल्यांदा फळ्यासमोर उभी राहिले.

मग प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर हॅमर पडला. लोखंडी हातोडा, त्यावर उलटं कोरलेलं चिन्ह, एक घाव, ओल्या लाकडात ठसा. यादी पोर्टलवर चढली आणि टीपी आली, क्यूआर कोड असलेली. हा ऑनलाइन परवाना २०२० मध्ये प्रयोग म्हणून मध्य प्रदेश आणि तेलंगणात आधी सुरू झाला होता, २०२३ च्या डिसेंबरात देशभर. अकरा महिन्यांत हाच एक टप्पा असा होता जो दोन दिवसांत झाला. नाक्यावर शिपायाने मोबाइल धरला, आवाज झाला, फाटक वर गेलं. मी ट्रकच्या मागे गाडीत होते, माझे हात थरथरत होते, काही चुकलेलं नसताना.

लाकूड वन विभागाच्या डेपोत गेलं. चौदा नंबरचा एक ओंडका घरासाठी ठेवला होता, त्याची वेगळी टीपी. इंदुरात आरा मशीनवाल्याने आधी टीपी मागितली, मग रजिस्टरात नोंद केली, मगच ओंडका पाटावर घेतला. आरा मशीनला १९८४ च्या काष्ठ चिरान कायद्याखाली परवाना लागतो आणि येणाऱ्या प्रत्येक ओंडक्याचा हिशेब द्यावा लागतो. त्या रजिस्टरात माझं नाव लिहिताना त्याने विचारलं, "मालिक मकबूजा?" मी हो म्हटलं. त्या लाकडाची झोपाळ्याची फळी झाली आहे. ज्या टोकाला हॅमरचा ठसा होता तिथे रंधा मारू दिला नाही.

ज्ञापनाचं उत्तर अजून आलेलं नाही. आम्ही जानेवारीत पुन्हा जाणार आहोत, या वेळी भाऊंची चार झाडं खसऱ्यात चढवण्याचा अर्जही बरोबर घेऊन.

जुलैत मोकळ्या बांधावर आम्ही पंचवीस रूट-शूट लावले होते. खड्डे पुतणीने मोजले. या खेपेला मी थांबले नाही. लावल्याच्या दुसऱ्या आठवड्यात पटवाऱ्याला फोन केला आणि तो येईपर्यंत करत राहिले. डिसेंबरच्या शेवटी खसऱ्याची नवी प्रत काढली. कैफियतीच्या रकान्यात लिहिलं आहे: सागौन वृक्ष २३, नवीन रोपण २५, जुलाई २०२५. वहिनीने ती प्रत नानांच्या वहीत, त्या तपकिरी पावतीशेजारी डकवली.